अळ्यांचं घर

गेल्या उन्हाळ्यात माझ्या अळ्या पत्र्याच्या शेडमध्ये मेल्या. कोष विणायला अगदी थोडे दिवस राहिले होते. बोटाएवढ्या जाड, दुधाळ रंगाच्या, दिवसरात्र खाणाऱ्या अळ्या. दुपारी तुतीचा पाला घालायला गेले, तर सगळ्या माना टाकून पडलेल्या. हात लावला की फुटत होत्या. मी आणि आमच्या ह्यांनी मिळून घमेल्यानं भरभरून त्या खड्ड्यात टाकल्या, वर चुना पसरला.  हौदावर हात धुताना हे एवढंच म्हणाले, "अजून एक उन्हाळा बघू. असंच झालं तर तुती उपटू."

रान ह्यांचं, विहीर मामंजींनी खणलेली, पण तुती माझी. रेशीम केंद्रात जाऊन अळ्या पाळायला शिकून आले ती मी, तुती लावली ती मी, छाटताना बोटं कापून घेतली तीही मीच. लग्नानंतर या घरात माझं म्हणावं असं एक शिवणयंत्र होतं आणि ही तुती. शिवणयंत्राचा पट्टा कधीच तुटला होता.

त्याच वर्षी वन्सं नोकरी आटोपती घेऊन माहेरी राहायला आल्या.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. आर्किटेक्ट. साऱ्या हयातीत त्यांनी एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला: विजेचं यंत्र न लावता घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार कसं राहील. भिंत केवढी जाड, खिडकी कुठल्या अंगाला, सावली कुठं पाडायची, वारा कुठून आत घ्यायचा आणि कुठून बाहेर काढायचा. त्यांनी शाळा बांधल्या, एक दवाखाना बांधला, एक वाचनालय बांधलं, आणि याहून जास्त वर्षं कॉलेजात शिकवलं. भर उन्हात सगळा वर्ग बाहेर काढून पोरांना भिंतीला पाठ टेकून उभं करायच्या आणि विचारायच्या, "सांगा, सकाळी ऊन कुठं होतं?" पोरं पाठीमागं त्यांना सावलीबाई म्हणत. पुढं ती पोरंच मास्तर झाली आणि आपापल्या पोरांना उन्हात उभी करू लागली.

मामंजींना कुणी विचारलं, पोरगी काय करते, तर म्हणायचे, "खिडक्या काढते."

अशा या बाईंचं स्वतःचं शहरातलं घर मात्र भाड्याचं, वरच्या मजल्यावर, पश्चिमेकडं तोंड केलेलं. दिव्याखाली अंधार. मी एकदा बोलले, तर म्हणाल्या, "भाड्याच्या घराला कसला आराखडा, वहिनी? पडदा ओढायचा आणि कॉलेजात पळायचं."

आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या आणि पोलकं पाठीला चिकटेपर्यंत आत उभ्या राहिल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "दादा, ही शेड नाही. हा तवा आहे."

"आहे खरा," हे म्हणाले. "भाजून झालं. आता बोल."

"मला एक उन्हाळा द्या. मी बांधते अळ्यांना घर."

"उन्हाळा काय माझ्या खिशात आहे? अळ्या हिच्या. हिला विचार."

मी पदराला हात पुसत होते. मला नाही म्हणायचं होतं, कारण नणंदेचं काम फसलं तर भावजयीला बोलताही येत नाही आणि गिळताही येत नाही. पण वन्संचे डोळे असे काही चमकत होते, की मी मान हलवून बसले.

पावसाळा सरल्यावर काम सुरू झालं. माती आमच्याच रानातली, भुसा मिसळून पायांनी मळलेली. वन्सं साडी गुडघ्यावर खोचून चिखलात उतरल्या तेव्हा गवंड्यानं तोंड फिरवून हसून घेतलं. भिंतीची रुंदी ऐकल्यावर मात्र त्याला उघड हसावंच लागलं. "बाई, आत तोफ ठेवणार का?"

"अळ्या ठेवणार."

"मग त्या पळून जातील या भीतीनं एवढी?"

जुनेच पत्रे वर चढवले, पण त्यांच्या खाली हातभर जागा सोडून बांबू आणि मातीचं दुसरं छत घातलं. तापलेल्या पत्र्याची धग त्या मधल्या फटीतून वाऱ्याबरोबर निघून जावी म्हणून. उत्तरेला बुटक्या खिडक्या, छताखाली उंचावर झरोके, प्रत्येकाला लाकडी झडप. पश्चिमेच्या भिंतीपुढं काटक्यांचा पडदा आणि त्यावर चढवलेला वेल. थंडीभर भिंती वाळत राहिल्या. मामंजी रोज काठी टेकत येत, भिंतीवर हात ठेवत आणि परत जात. त्यांना बरं वाटत होतं की वाईट, ते त्यांच्या मिशांनाही कळत नसावं.

ऊन तापायला लागलं आणि मी केंद्रातून बारीक अळ्या आणल्या. मांडणीवर त्यांना पसरायच्या आधी वन्संनी आम्हा तिघांना दारासमोर उभं केलं. सवय जाते कुठं.

"नीट ऐका. दिवसा सगळं बंद. दार, खिडक्या, झरोके, सगळं. उन्हं उतरली की सगळं उघडं, ते पहाटेपर्यंत. भिंत रात्रभर गारवा पिते आणि दिवसभर पुरवून पुरवून देते."

"म्हणजे रात्री दारं उघडी आणि दिवसा बंद," मामंजी म्हणाले. "चोरांची सोय आणि पाहुण्यांची गैरसोय."

"आण्णा, अळ्यांकडं पाहुणे येत नाहीत."

"मी येतो की."

मग आमचे दिवस सुरू झाले. अळ्या पाळणं म्हणजे एकदम हजारो तान्ही बाळं सांभाळणं. फरक एवढाच, की ही रडत नाहीत, थेट मरतात. तांबडं फुटायच्या आत तुतीच्या फांद्या तोडायच्या, भारे डोक्यावरून आणायचे, ओल्या फडक्याखाली झाकायचे, मांडणीवर पसरायचे. संध्याकाळी पुन्हा तेच. मधे खालची घाण काढायची. अळ्या कात टाकायला लागल्या, की मान वर करून निश्चल बसतात. तेव्हा पाला घालायचा नाही, बोलायचंसुद्धा हळू. माझ्या मानेला भाऱ्यांचा घट्टा पडला. ह्यांच्या तळव्यांना भेगा पडल्या. वन्संनी तोडलेल्या फांद्या सुरुवातीला इतक्या आखूड-लांब असायच्या, की मी म्हटलं, "वन्सं, एका मापाच्या तोडा ना." तर म्हणाल्या, "आयुष्यभर मापंच काढली हो. आता जरा मोकळेपणानं तोडू द्या." तरी दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या फांद्या पट्टीनं मोजल्यासारख्या एकसारख्या.

आता खरं ते सांगते. संध्याकाळी वन्सं सगळं उघडून यायच्या आणि त्या जेवायला बसल्या की मी जाऊन झरोके नि खिडक्या लावून घ्यायचे. अंधार पडला की भिंतीवर पाली येतात, उंदीर येतात. पालीनं अळ्या खाल्ल्या, तर लोक पालीला नावं ठेवणार नाहीत, म्हणतील, बहिणीनं बांधलेल्या घरात अळ्या टिकल्या नाहीत. ते मला नको होतं. पहाटे त्या उठायच्या आत मी पुन्हा सगळं उघडून ठेवायचे. त्या येऊन ते उघडं बघायच्या, खूश व्हायच्या आणि दिवसासाठी बंद करायच्या.

शेवटची कात टाकून झाली आणि अळ्या मोठ्या झाल्या. नेमकी तेव्हाच हवा फिरली. दुपारी बाहेर पाऊल टाकलं की डोळ्यांच्या कडा चुरचुरायच्या. कोंबड्या चोची उघड्या टाकून सावलीला पडून राहायच्या. गुरांच्या टाकीतलं पाणी हात घालवेना इतकं तापायचं.

एका सकाळी वन्संनी आतल्या भिंतीवर तळवा ठेवला. मग उलटा हात. मग गाल टेकवला, आजारी लेकराच्या कपाळाला टेकवतात तसा.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "भिंतीला ताप आहे."

खालच्या मांडणीवरच्या काही अळ्या मऊ पडल्या होत्या. पाला दमट, घाणीला वास. मी त्या अळ्या चिमट्यानं उचलून चुन्याच्या डब्यात टाकल्या. वन्सं माझ्या हाताकडं बघत राहिल्या. त्या दिवशी त्या नीट जेवल्या नाहीत. अंगणात बसून काटकीनं मातीत सूर्य काढला, भिंत काढली, बाण काढले, पुसले, पुन्हा काढले.

"माझंच काहीतरी चुकलं असेल," त्या म्हणाल्या. "शिकवताना सोपं असतं. फळ्यावरची अळी मरत नाही."

मामंजी खाटेवर पडले होते. डोळे मिटलेले, पण कान जागे. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ह्यांच्याकडं. तुती उपटायचं कुणी काढलं नाही. न काढल्यानंच ते घरभर फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळी झोपली असतील असं समजून, मी हळूच उठले. म्हटलं, अळ्या एकदा डोळ्यांखालून घालाव्यात. पायांत चपला न घालता गेले, म्हणून तळवे भाजले. अळ्यांच्या घराला वळसा घातला, तर उत्तरेच्या खिडकीपाशी मामंजी. झडप सताड उघडी आणि ती पडू नये म्हणून मधे काठी अडकवलेली. भाजणाऱ्या वाऱ्याची लू सरळ आत जात होती.

"मामंजी! हे काय?"

"वारा घेतोय."

"काठी खिडकीत अडकवून?"

"तिलाही घेऊ दे की. एवढी वर्षं मला धरून आहे."

एवढ्यात दार करकरलं आणि आमचे हे बाहेर आले. दोन्ही हातांत निथळणारी पोती. पायाशी रिकामी बादली.

"तुम्ही काय करताय?"

"पोती वाळत घालत होतो."

"आत? पाणी ओतून?"

चोराच्या मनात चांदणं. हे इकडं तिकडं बघायला लागले. मग म्हणाले, "रोज दुपारी जरा जमीन भिजवतो. ओली पोती टांगतो. तेवढाच गारवा. चिमीच्या घराला यश यावं म्हणून." चिमी म्हणजे वन्सं, घरात भाऊ आणि बाप अजून तेच म्हणतात.

"रोज?"

"रोज. मी एकटाच का? आण्णा बघ की!"

"अळ्यांना श्वास लागतो," मामंजी म्हणाले. "बंद खोलीत कुणी जगतं का? पोरीला कोण सांगणार? शिकलेली आहे. म्हटलं, आपण गुपचूप उघडावी आणि ती उठायच्या आत लावून टाकावी."

 माझ्या झरोक्यांची झाकली मूठ मला तशीच ठेवायची होती. पण तेवढ्यात रस्त्याकडून टेंपोचा आवाज आला. टेंपो थेट आमच्या बांधापाशी थांबला, मागचं फळकूट पडलं आणि टेंपोवाल्यानं माणसाच्या कमरेएवढं खोकं खाली उतरवलं. त्याच्या पुढं, डोक्यावर पदर घेऊन, कुणाला चाहूल लागू नये अशा बेतानं वन्सं येत होत्या.

"बाई, कूलर कुठं ठेवायचा?" टेंपोवाला ओरडला.

वन्संनी मान वर केली आणि आम्हा तिघांना बघितलं. माझे अनवाणी पाय, ह्यांची पोती, खिडकीतली काठी. आम्ही खोकं बघितलं.

मग हे म्हणाले, "चिमे, तू सुद्धा?"

वन्सं खोक्यावरच बसल्या. "मला वाटलं, माझ्या हट्टापायी वहिनीच्या अळ्या नकोत मरायला. तुम्ही झोपलात की लावणार होते." आणि मग माझ्याकडं बघून, "वहिनी, तुम्ही काय करता?"

"मी? मी दुपारी येतसुद्धा नाही."

"आणि रात्री?"

मास्तरणीला फसवता येत नाही. मी झरोक्यांचं सांगून टाकलं.

"म्हणजे," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या, "रात्री भिंत गार व्हायची तेव्हा वहिनींनी तिचं तोंड बांधलं. दिवसा बंद ठेवायचं तेव्हा आण्णांनी लू आत घेतली. वरून दादानं पाणी ओतून आत वाफ केली. आणि उरलेलं मी विजेवर करणार होते." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. टेंपोवाल्याला कळेना, त्यानं काय पाप केलं.

मी त्यांच्याजवळ गेले. त्या हळू आवाजात बोलत राहिल्या. "एका शाळेत मी असेच झरोके ठेवले होते. पुढं बघायला गेले, तर सगळ्यांत चिंध्या कोंबलेल्या. मी तिथल्या बाईंवर चिडून परत आले. का कोंबल्या, ते विचारलं नाही. पाली येत असतील. पोरांना थंडी वाजत असेल. इतकी घरं बांधली, वहिनी, किल्ली हातात दिली, फोटो काढला, निघाले. एकाही घरात उन्हाळाभर राहिले नाही."

"मग आता राहताय ना," मी म्हटलं.

टेंपोवाला घाम पुसत उभा होता. "बाई, ठेवू की नेऊ?"

वन्संनी माझ्याकडं बघितलं. "अळ्या तुमच्या. तुम्ही सांगा. तुम्ही लावा म्हणालात तर लावते, मला अपमान वाटणार नाही."

वाटला असता. पण मी ठरवलं ते त्यासाठी नाही. मी आत गेले. उन्हातून आल्यावर आधी काही दिसलं नाही, नुसता अळ्यांच्या खाण्याचा आवाज. तो आवाज मंद होता, पण थांबला नव्हता. मांडणीला टेकून मी पुष्कळ वेळ ऐकला. कूलर चालला असता, वीज गेली नसती तर. आमच्याकडं वीज उन्हाळ्यात पाहुण्यासारखी येते आणि चहा घेऊन जाते. आणि ती ज्या दुपारी गेली असती त्या दुपारी मी काय केलं असतं? खड्डा खणला असता.

मी बाहेर आले. "परत न्या," मी टेंपोवाल्याला म्हटलं.  झरोक्यांना मी त्याच संध्याकाळी बारीक जाळी ठोकली, म्हणजे पाली बाहेर आणि वारा आत. वन्सं खाली शिडी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे माझ्या आराखड्यात हवं होतं."

"आता आहे," मी म्हटलं.

पण भिंतीचा ताप एका रात्रीत उतरत नाही. दुसऱ्या दिवशी आत फारसा फरक नव्हता आणि आणखी काही अळ्या मऊ पडल्या. खालची सगळी घाण काढून मी कोरडा चुना भुरभुरवला. त्या दुपारी आम्ही चौघं अळ्यांच्या घराबाहेर काटक्यांच्या पडद्याच्या सावलीत बसलो. अळ्यांवर पहारा नव्हता तो, एकमेकांवर होता. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तशी आमची गत. हे उठले की वन्सं विचारायच्या, "कुठं?" "लघवीला जातोय बाई!" मामंजींची काठी मी माझ्या मांडीवर घेऊन ठेवली होती.

"नुसतं एकदा डोकावू दे," मामंजी म्हणाले.

"उन्हं उतरल्यावर."

"काही न करता बसणं किती अवघड आहे गं, चिमे."

"हेच तर मला कधी शिकवता आलं नाही, आण्णा. पोरं म्हणायची, मॅडम, यात यंत्र कुठं बसवायचं ते सांगा. मी म्हणायची, बसवायचं नाही. त्यांचं तोंड अगदी तुमच्यासारखं व्हायचं."

ह्यांनी एकदा सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, "ठेवून घ्यायला हवा होता तो कूलर."  वन्संची मान खाली गेली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पोलकं घामानं भिजलेलं होतं आणि पाठीचा कणा हाताला लागत होता. केवढ्या बारीक झाल्या होत्या, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तिसऱ्या दुपारी ऊन सगळ्यांत वाईट होतं. झाडाखाली पक्षी पडले. उन्हं कलली तशी वन्संनी दाराला हात घातला आणि थांबल्या. "वहिनी, तुम्ही उघडा."

मी दार ढकललं. आधी चेहऱ्याला लागलं ते. विहिरीच्या पायऱ्या उतरताना लागतं तसं. मी पुढं गेले आणि भिंतीवर तळवा ठेवला, आणि तो तिथून काढावासा वाटेना. आणि आवाज! पाचोळ्यावर बारीक सर यावी तसा अळ्या पाला खात होत्या, खालपासून वरपर्यंत, सगळ्या मांडण्यांवर. मागून मामंजी आले. भिंतीला हात लावायला वाकले आणि तसेच राहिले. माझ्या खांद्यावर काहीतरी टेकलं. वन्संचं डोकं होतं.

हे दारातच उभे होते. "दार लाव गं," ते म्हणाले. "गारवा जातोय." मग त्यांच्याच लक्षात आलं, की उघडायची वेळ झाली आहे.

अळ्या पिकल्या. पिवळट, काचेसारख्या झाल्या, खाणं सोडून माना फिरवायला लागल्या. आम्ही त्या वेचून कोष विणायच्या जाळ्यांवर ठेवल्या. खालच्या मांडणीवरच्या बऱ्याच गेल्या होत्या, ते खोटं कशाला सांगू. पण बाकीच्यांनी विणलं. मान इकडं, मान तिकडं, तोंडातून न दिसणारा धागा, आणि बघता बघता अळी धुक्यात गेल्यासारखी आत नाहीशी व्हायची.

कोष काढायच्या दिवशी सकाळी हे हत्यारांच्या कोपऱ्यात खुडबुडत होते. मी श्वास धरून ऐकत होते. उपटायला कुदळ लागते. हे बाहेर आले ते छाटणीची कात्री घेऊन, दगडावर तिला धार लावली आणि तुतीकडं चालू लागले. जाता जाता म्हणाले, "गुडघ्याएवढी ठेवू ना?"

"त्याहून जरा खाली," मी म्हटलं. 

अंगणात आम्ही तिघं कोष सोडवत बसलो. मामंजी प्रत्येक कोष कानापाशी नेऊन हलवून बघत होते, आत खुळखुळतंय ना.  मग हातातल्या कोषाकडं बघतच ते म्हणाले, "चिमे, माझी खोली दुपारी भट्टी होते. तिचं काही होण्यासारखं आहे का?"

वन्संचा हात थांबला. लांबलांबून माणसं त्यांना हे विचारायला यायची, सभागृहं भरायची. बापानं आज पहिल्यांदा विचारलं होतं.  त्यांनी कोष टोपलीत ठेवला.

"होईल, आण्णा. पण आधी मला त्या खोलीत एक अख्खा उन्हाळा राहावं लागेल. तुम्ही आत काय काय चोरून करता, ते बघायला."

"हा तर संपत आला."

"मग पुढचा."

"आणि मी कुठं जाऊ?"

"कुठं नाही. तुम्हीही तिथंच."

मामंजींनी विचार केला. "घोरतेस का?"

"तुमच्यावरच गेलेय."

नणंद पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घरात राहणार हे ऐकल्यावर भावजयीनं कसं तोंड करायचं असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. मी टोपली बाजूला सारली, उठले, आणि माळ्यावरची दुसरी खाट खाली काढून द्यायला तुतीत छाटणी करणाऱ्या ह्यांना हाक मारली.